अपंगत्वाचा अभ्यास नेमका कोणत्या विभागात करायचा?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दुसरं कलम व्याख्यांचं आहे. त्यातल्या दोन व्याख्या अगदी शेजारी-शेजारी बसल्या आहेत आणि एकमेकींशी त्यांचं फारसं पटत नाही. एक सांगते की ज्याच्यात दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता आहे आणि वाटेतल्या अडथळ्यांशी गाठ पडून ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, तो दिव्यांग. दुसरी 'बेंचमार्क' दिव्यांगत्वाची. तिच्यात अधिकृत डॉक्टरांनी दिलेला निदान चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण या दुसरीलाच लागू आहे.

पहिल्या व्याख्येत अपंगत्व माणूस आणि त्याचा भोवताल यांच्या मधोमध आहे. दुसरीत ते शरीरात आहे आणि मोजता येतं. मग खरं कुठलं? डॉक्टरला विचारलं तर तो दाखला दाखवेल. वकील म्हणेल, दोन्ही. समाजशास्त्राची प्राध्यापिका म्हणेल, अडथळे मोजायला कुणी बसलंय का? अर्थशास्त्रज्ञाला या सगळ्याचा महिन्याचा खर्च किती, यात रस असेल. जगातल्या अनेक विद्यापीठांत गेल्या चाळीसेक वर्षांत 'डिसॅबिलिटी स्टडीज' नावाचा जो विषय उभा राहिला, तो या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याच्या खटपटीतून. मराठीत त्याला अपंगत्व अभ्यास म्हणू. (सरकारी कागदावर 'दिव्यांग' आहे, चळवळीतल्या पुष्कळांना 'अपंग' किंवा 'विकलांग' बरं वाटतं. मी दोन्ही वापरणार आहे.)

आधी एक गैरसमज बाजूला करू. हा विषय म्हणजे स्पेशल बीएड नव्हे, फिजिओथेरपी किंवा वाचा-उपचारही नव्हे. ती सगळी पुनर्वसनाची शास्त्रं. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद त्यातल्या बऱ्याचशांचे (फिजिओथेरपीचे नव्हे) अभ्यासक्रम ठरवते, आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा हाजीअलीची पुनर्वसन संस्था अशी त्यांची जुनी, चांगली केंद्रं आहेत. तिथे शिकतात ते अपंग माणसाला कशी मदत करायची हे. अपंगत्व अभ्यासात विचारतात ते वेगळं: अमुक माणूस अपंग आहे हे ठरवलं कुणी, कशावरून, आणि तसं ठरल्यावर त्याचं काय होतं?

टक्के कशाचे?

समजा दोन माणसांचा उजवा हात सारखाच अधू झाला. एक ऊसतोड कामगार, दुसरा बँकेत अधिकारी. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद तपासली, तर दोघांच्या दाखल्यावर एकच आकडा येईल. यायलाच हवा, नाहीतर तो पक्षपात ठरेल. पण कोयता धरता येत नाही म्हटल्यावर पहिल्याची त्या हंगामातली उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर आली आणि जोडीतून तो बाद झाला, तर दुसरा दोन महिन्यांनी डाव्या हाताने माऊस धरून कामाला लागला. डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. त्यांनी शरीर मोजलं. आयुष्य मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नाही, आणि असावं अशी अपेक्षाही बरोबर नाही.

सिकलसेलचं उदाहरण तर आणखी अवघड. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि २०१६ च्या कायद्याने त्याला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं. यात मधूनमधून असह्य वेदनांचे झटके येतात आणि मधले दिवस बरे जातात. आता दाखल्यासाठी एसटीने जिल्ह्याच्या गावाला जायचं ते अर्थातच बऱ्या दिवशी, कारण वाईट दिवशी अंथरुणातून उठवतच नाही. स्थिर शरीर गृहीत धरून बनवलेली मोजपट्टी चढ-उतार असलेल्या आजाराला कशी लावायची, हा प्रश्न रक्तविकारतज्ज्ञ एकटा सोडवू शकत नाही.

टक्क्यांच्या या राज्यात काय विनोद घडू शकतो ते वैद्यकीय प्रवेशात दिसलं. वाचा-दोष चाळीस टक्क्यांहून कमी असेल तर एमबीबीएसला पात्र, पण आरक्षण नाही. चाळीस किंवा जास्त असेल तर आरक्षणाच्या व्याख्येत बसता, पण अभ्यासक्रमाला अपात्र! म्हणजे ती राखीव जागा घेऊ शकेल असा वाचादोष असलेला उमेदवार पृथ्वीतलावर असूच शकत नव्हता. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला बाद करता येणार नाही. हा अभ्यासक्रम या मुलाला प्रत्यक्षात जमेल का, ते दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने बघून सांगावं. त्याआधी २०२१ मध्येही, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या खटल्यात, लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के असण्याची अट कोर्टाने अमान्य केली होती. अडचण खरी असेल तर सोय द्यावी लागेल, दाखल्यातला आकडा काहीही असो.

कायद्याच्या यादीत एकूण २१ प्रकार आहेत (आधीच्या, १९९५ च्या कायद्यात सात होते). त्यातले दोन मी नेहमी पुन्हा वाचतो. एक, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती. म्हणजे रोग बरा झालाय, पण हातापायांची संवेदना गेलीय किंवा व्यंग राहिलंय, असा माणूस. दुसरा, ॲसिड हल्ल्याने विद्रूप झालेली व्यक्ती. एखादीची दृष्टी शाबूत असेल, हातपाय धडधाकट असतील, तरी मुलाखतीला ती खोलीत शिरली की समोरच्याची नजर बदलते. अपंगत्व फक्त शरीरात असतं असं मानलं तर तिला यादीत जागाच मिळाली नसती.

कुष्ठरोगावर अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. रोग पूर्ण बरा होतो. तरी जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण आपल्या व्यक्तिगत कायद्यांमध्ये २०१९ पर्यंत टिकून होतं. ब्रिटिशांचा १८९८ चा महारोगी कायदा रद्द व्हायलाही २०१६ उजाडलं. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी रुग्णांना उपचारांबरोबरच शेती, कारखाना आणि स्वतःच्या कमाईचा पैसा दिला, ते या अंगाने बघण्यासारखं आहे: जंतू मेला तरी माणूस गावाबाहेरच राहतो, हे त्यांना सुरुवातीपासून दिसत होतं. जंतूचा अभ्यास वैद्यक करतं. गावाबाहेर ठेवण्याचा अभ्यास इतिहास, समाजशास्त्र आणि कायदा यांच्याकडे जातो.

हा विचार आला कुठून

विद्यापीठांतून आला नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये पॉल हंट नावाचा माणूस होता. स्नायूंच्या आजारामुळे त्याचं तारुण्य निवासी संस्थेत गेलं होतं. १९७२ मध्ये त्याने 'गार्डियन'ला पत्र लिहून संस्थांमध्ये खितपत पडलेल्या अपंगांना एकत्र येण्याचं आवाहन केलं. त्यातून एक छोटी संघटना झाली. तिच्यात व्हिक फिंकेलस्टाईन आला. हा दक्षिण आफ्रिकेतला, व्हीलचेअर वापरणारा, वर्णभेदाविरुद्ध काम केल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला आणि मग देशाबाहेर पडावं लागलेला. 'अमुक दारातून तुम्हाला प्रवेश नाही' हे काळ्या माणसाला सांगितलं जातं तेव्हा त्याला अन्याय म्हणतात. अपंगाला तेच सांगितलं जातं तेव्हा दुर्दैव म्हणतात. फिंकेलस्टाईनला हा फरक कळेना. १९७६ मध्ये या संघटनेने जाहीरनामा काढला. त्याचं सार असं: शरीरातली कमतरता ही एक गोष्ट, आणि ती असलेल्या माणसांना समाज बाहेर ठेवतो, ही दुसरी. अपंगत्व म्हणजे ही दुसरी.

फिंकेलस्टाईनने एक काल्पनिक गाव रचलं होतं. गावात सगळे व्हीलचेअरवाले. त्यांनी आपल्या सोयीने घरं बांधली. उभं राहायचंच नाही तर उंच छत कशाला? छतं खाली, दारं खाली. मग तिथे काही चालणारे लोक राहायला आले. त्यांच्या कपाळाला टेंगळं, पाठी वाकलेल्या. गावातल्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला, त्यांना डोक्यावर घालायला शिरस्त्राणं आणि पाठीला पट्टे दिले, त्यांच्यासाठी धर्मादाय संस्था निघाल्या, नोकऱ्या मात्र मिळेनात. दारं उंच करा, असं व्हीलचेअरवाल्यांपैकी कुणाला सुचलं नाही.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७५ मध्ये अपंगत्वावरचा एक अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात पुढे फिंकेलस्टाईनही होता. मायकेल ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या विचाराला 'सामाजिक प्रतिमान' असं नाव दिलं. तोही व्हीलचेअर वापरायचा. पुढे लीड्स विद्यापीठात संशोधन केंद्र झालं आणि अमेरिकेत १९९४ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. आधी माणसांनी भांडण केलं, मग त्याचा विषय झाला. स्त्री अभ्यास आणि दलित अभ्यासाची वाटही साधारण हीच.

मोजणारे काय मोजतात

२०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी अपंग, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे १६ टक्के. आपण जगाहून सातपट धडधाकट आहोत का? आपली हवा-पाणी, रस्ते आणि आरोग्यव्यवस्था बघता तसं काही वाटत नाही.

उत्तर प्रश्नावलीत आहे. जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून विचारतो, घरात कुणी शारीरिक किंवा मानसिक अपंग आहे का? आजीला मोतीबिंदूमुळे दिसत नाही आणि गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही, पण घरच्यांच्या लेखी तिचं 'वय झालंय'. थोरल्या मुलीला फिट्स येतात, पण धाकटीचं लग्न ठरायचंय. उत्तर येतं, कुणी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००१ मध्ये बनलेल्या वॉशिंग्टन गटाने यावर तोडगा काढला. त्यांच्या सहा प्रश्नांत 'अपंग' हा शब्दच नाही. चष्मा लावूनसुद्धा दिसायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, बराच, जमतच नाही. आजी आता मोजणीत येते.

१६ टक्के खरे आणि २ टक्के खोटे, असा सरळ निवाडा मात्र करू नये. पेन्शन कुणाला द्यायचं यासाठी एक आकडा लागतो, बसस्टँड कसा बांधायचा यासाठी दुसरा. संख्याशास्त्र शिकणाऱ्याने हे शिकायला हवं की प्रश्नाच्या मागे हेतू असतो. ब्रिटिश सरकारने १८७२ पासून १९३१ पर्यंत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि महारोगी मोजले. त्यानंतर मोजणी बंद. १९८१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अपंग वर्षाच्या निमित्ताने, पुन्हा प्रश्न आला. १९९१ मध्ये गळला. २००१ मध्ये चळवळीने भांडून परत आणला. दर वेळी देशातली माणसं तीच होती.

अर्थशास्त्राची एकच गोष्ट सांगतो, कारण ती फार चपखल आहे. अमर्त्य सेन म्हणतात, अपंग माणसाला दोन फटके बसतात. एक, कमाई कमी. दुसरा लोकांच्या लक्षात येत नाही: तीच कमाई असली तरी तिच्यातून मिळतं कमी. मुंबईत ज्याला लोकल आणि बस झेपते त्याचा प्रवास महिन्याला काही शेकड्यांत उरकतो. ज्याला फलाट आणि डबा यांच्यामधली ती फट ओलांडता येत नाही त्याला रोज टॅक्सी. सेन यांनी दिलेला ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचा आकडा असा: एकूण १७.९ टक्के लोक गरिबीरेषेखालच्या कुटुंबांत. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत २३.१ टक्के, आणि हा वाढीव खर्च धरला तर ४७.४ टक्के. गरिबीरेषा आखताना सगळ्यांची शरीरं सारखी धरली, की अर्धी गरिबी अशी नजरेआड होते.

पुणे, १९९४

एवढी शास्त्रं एकत्र कशाला, असा प्रश्न कुणाला पडला तर मी हे प्रकरण पुढे करेन.

फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. बातमी फुटली, स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. समर्थनात जी कारणं दिली गेली ती अशी: या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, सांभाळणाऱ्यांना त्रास होतो, आणि लैंगिक अत्याचार झाला तर निदान गर्भ तरी राहणार नाही.

यातलं शेवटचं कारण नीट वाचा. संस्थेत अत्याचार होऊ शकतो हे गृहीत धरलेलं आहे, आणि त्यावरचा उपाय मुलीच्या पोटात शोधलेला आहे. नुसत्या वैद्यकाच्या चष्म्यातून बघितलं तर शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली की नाही, एवढाच प्रश्न उरतो. नुसत्या कायद्याच्या चष्म्यातून, संमतीचा कागद होता का? तो पालकाने किंवा संस्थेने दिला तर चालतो का? सार्वजनिक प्रशासन शिकलेला माणूस विचारेल, वसतिगृहात किती मुलींमागे किती मावश्या होत्या, पाणी होतं का, सॅनिटरी पॅडसाठी पैसे मंजूर होते का? इतिहासाची विद्यार्थिनी हे प्रकरण एका लांब रांगेत ठेवेल. १८८३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने सुप्रजननशास्त्राला, म्हणजे 'चांगल्या' माणसांनाच मुलं व्हावीत या विचाराला, नाव दिलं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्या स्त्रीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. नाझी जर्मनीत १९४० आणि १९४१ मध्ये सत्तर हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण विषारी वायूने मारले गेले, आणि निवडीचे फॉर्म डॉक्टरांनी भरले होते. पुण्यातल्या डॉक्टरांना त्या पंक्तीत बसवायचा माझा हेतू नाही. त्यांच्यापैकी कुणाला आपण वाईट करतोय असं वाटलंही नसेल, आणि त्यामुळेच त्या रांगेचा अभ्यास लागतो.

स्त्री चळवळ त्या वेळी या बायकांच्या बाजूने उभी राहिली. पण याच चळवळीला अपंग स्त्रियांनी विचारलेला एक प्रश्न आजही सुटलेला नाही. गर्भजल परीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. मुंबईतल्या कार्यकर्त्यांचं ते मोठंच यश. त्या कायद्यात, आणि पुढे १९९४ च्या केंद्रीय कायद्यात, लिंग शोधायला बंदी, पण जनुकीय दोष शोधायला परवानगी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने गर्भपाताला आठवड्यांची मर्यादाही नाही. अपंग स्त्रिया म्हणतात, मुलगी नको म्हणून गर्भ पाडला तर तो स्त्रीजातीचा अपमान. माझ्यासारखी नको म्हणून पाडला तर ती दूरदृष्टी, असं कसं? उलट बाजूने, स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय बाईचाच, हे तत्त्व एकदा मानलं की तिथे कारणं तपासत बसायचं का? ज्या घरात आधार शून्य, शाळा नाही, पेन्शन नाही, तिथल्या आईला 'वाढव' असं सांगायचा अधिकार कुणाला? दिल्लीतल्या अनिता घई यांच्यासारख्या अभ्यासक, ज्या स्वतः पोलिओमुळे अपंग होत्या, वर्षानुवर्षं या प्रश्नाशी झुंजल्या. मला स्वतःला यात स्वच्छ उत्तर दिसत नाही. कायद्याने बंदी घालू नये एवढंच ठामपणे वाटतं. वर्गात मात्र या एका प्रश्नावर एक आख्खं सत्र जाऊ शकतं आणि जायला हवं.

२००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तिला मूल हवं होतं.

बेटावरची भाषा आणि जयपूरचा पाय

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडे मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर तिथे आनुवंशिक बहिरेपण आलं आणि आपापसांतल्या लग्नांमुळे टिकलं. एकोणिसाव्या शतकात देशभरात साधारण ५,७०० माणसांमागे एक जन्मजात बहिरा असताना या बेटावर १५५ मागे एक होता. मग बेटावरच्या लोकांनी काय केलं? सगळेच खुणांची भाषा शिकले, ऐकू येणारेही. दुकानात, बोटीवर, गावच्या बैठकीत. मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी १९८० च्या सुमारास तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या गावकऱ्यांबद्दल विचारलं, तेव्हा अमका बहिरा होता हे त्यांना सहज आठवतही नव्हतं. तो मासे चांगले पकडायचा, हे आठवत होतं.

त्याच शतकात, १८८० मध्ये, मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जवळपास सगळे प्रतिनिधी ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की शाळेत खुणा बंद, मुलांनी ओठ वाचून बोलायला शिकायचं. शंभर वर्षं जगभर मुलांचे हात बांधले गेले, काही ठिकाणी शब्दशः. १९६० मध्ये विल्यम स्टोको या भाषाशास्त्रज्ञाने अमेरिकी खुणांच्या भाषेला स्वतःची पूर्ण रचना आहे हे दाखवून दिलं, तेव्हा वारं हळूहळू फिरायला लागलं. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत केंद्र सरकारची संस्था २०१५ मध्ये आली. भाषाशास्त्राने केलेलं हे काम कानाच्या डॉक्टरांकडून होणार नव्हतं.

अभियांत्रिकीचं म्हणाल तर जयपूर फूट. १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो बनवला. तोवर मिळणारा परदेशी कृत्रिम पाय बूट घालण्यासाठी होता. तो लावून उकिडवं बसता येईना, मांडी घालून जेवता येईना, चिखलात अनवाणी चालता येईना; लोक तो घरी ठेवून कुबड्यांवरच फिरत. यांत्रिकदृष्ट्या त्या पायात दोष नव्हता. आपण जमिनीवर जगतो, एवढी साधी माहिती त्याच्या आराखड्यात नव्हती, आणि ती फारसं औपचारिक शिक्षण नसलेल्या शर्मांना होती.

रॅम्पचंही तसंच. प्रमाण साधं आहे, एकास बारा. पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर ५.४ मीटर लांबीचा उतार हवा. आता जवळच्या बँकेसमोरचा रॅम्प बघून या. बहुतेक ठिकाणी ती घसरगुंडी असते. पण तपासणीच्या फॉर्मवर 'रॅम्प आहे' यावर टिक झालेली असते.

सामाजिक प्रतिमानाला सगळं दिसतं का?

नाही. आणि हे सांगणारे बहुतेक जण त्याच चळवळीतले आहेत. लिझ क्रो आणि टॉम शेक्सपिअर यांच्यासारख्या अपंग लेखकांनी १९९० च्या दशकापासून म्हटलं की सगळे रॅम्प बांधून झाले तरी माझी वेदना माझ्या अंगातच राहणार आहे, थकवाही. शरीराबद्दल बोललं की डॉक्टरांच्या हाती कोलीत मिळेल या भीतीने आपण शरीरच विसरलो.

आपल्याकडे आणखी एक भोक आहे. ब्रिटनमध्ये हा विचार जन्मला तो संस्थेतून बाहेर पडून स्वतंत्र राहण्यासाठी. इथे अपंग माणूस बहुधा घरात असतो आणि त्याचं सगळं आई, बहीण किंवा वहिनी करते. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीच्या आईबापांच्या तोंडी एकच वाक्य असतं: आमच्या माघारी हिचं कसं होणार? त्याला 'अडथळे दूर करा' हे उत्तर पुरत नाही. तिथे पालकत्वाचा कायदा लागतो, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, पेन्शन, आणि काळजी घेण्याच्या कामाला काम मानणारं अर्थशास्त्र. ऑस्ट्रेलियाच्या हेलन मीकोशा यांनी तिसराच मुद्दा काढला. गरीब देशांत मुळात इतके हातपाय जातात ते कशाने? युद्ध, खाणी, धोकादायक कारखाने, उपासमार. नुसते रॅम्प मागताना आपण ही विचारणा सोडून द्यायची का? पण 'अपंगत्व रोखा' म्हटलं की आज जे अपंग म्हणून जगतायत त्यांना 'तुम्ही म्हणजे टळलं असतं तर बरं असा अपघात' असंच ऐकू येतं. या ताणातून सुटका नाही, आणि विषय जिवंत आहे तो त्यामुळेच.

साहित्याबद्दल मी मुद्दाम थोडक्यात लिहितोय, कारण ते वर्गात सगळ्यात लवकर पकड घेतं. धृतराष्ट्राचं सिंहासन डोळ्यांमुळे गेलं, अष्टावक्राला जनकाच्या सभेत लोक हसले, सिनेमातला खलनायक लंगडा आणि नायिकेची आंधळी बहीण शेवटच्या रिळात बघायला लागते. गोष्ट पुढे ढकलायला अपंग पात्र कुबडीसारखं वापरायचं आणि काम झालं की बरं करायचं किंवा मारायचं. एकदा हे दिसलं की मालिका बघताना त्रास होतो, एवढी पूर्वसूचना देऊन ठेवतो.

शिकायचं असेल तर

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजकार्याच्या एमएमध्ये अपंगत्व अभ्यासाची शाखा चालवली आणि तिथून बाहेर पडलेले लोक आज संस्था, सरकारी योजना आणि कंपन्यांमध्ये आहेत. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात अपंगत्व अभ्यासाचं केंद्र आहे. सार्वजनिक जागा अपंगांना कितपत वापरता येतात, याचा अहवाल सुप्रीम कोर्टाने याच केंद्राकडून करून घेतला आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे नियम 'शिफारस' म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. एका विद्यापीठ केंद्राचा अहवाल देशाचे नियम बदलायला लावतो, हे आपल्याकडे रोज घडत नाही.

नोकरीचं काय? 'डिसॅबिलिटी स्टडीज पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच दिसेल. त्यामुळे बारावीनंतर थेट यात उडी मारण्यापेक्षा एखादं शास्त्र हातात घट्ट धरून मग इथे यावं, असं माझं मत आहे. वकील, आर्किटेक्ट, संख्याशास्त्रज्ञ, सॉफ्टवेअरवाला, पत्रकार, यापैकी काहीतरी आधी व्हा. ज्याच्याकडे स्वतःचं एकही अवजार नाही त्याला आंतरविद्याशाखीय टेबलावर नुसतं बसून राहावं लागतं.

आणि हा वर्ग भरवणं सोपं नाही. वाचायला दिलेला स्कॅन केलेला पीडीएफ स्क्रीनरीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) नुसतं चित्र म्हणून दिसतो, त्यामुळे अंध विद्यार्थ्याला आठवडाभर आधी मजकूर रूपात द्यावा लागतो. बहिऱ्या विद्यार्थिनीसाठी दुभाषी लागतो आणि दुभाष्याला विश्रांती लागते, म्हणून दोन. सलग तीन तासांचं सत्र काहींना शक्य नसतं. शिकवणारे सगळे धडधाकट असतील तर विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात 'आमच्याबद्दल आमच्याशिवाय काही नको' ही घोषणा फळ्यावर लिहून ठेवतात. अपंग असल्यानेच कुणी चांगला शिक्षक होतो असं नाही, पण ज्या विषयाच्या स्टाफरूममध्ये एकही अपंग माणूस पोचलेला नाही, त्याने जिन्याबद्दल काय शिकवावं?

२०१६ च्या कायद्याचं ४७ वं कलम फारसं कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की शिक्षक, डॉक्टर, नर्स, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, इंजिनिअर, आर्किटेक्ट, ग्रामविकास अधिकारी, या सगळ्यांच्या अभ्यासक्रमांत अपंगत्वाचा भाग असला पाहिजे. म्हणजे वेगळी पदवी घ्यायचीच असं नाही. तुम्ही किंवा तुमची मुलं यापैकी काही शिकत असाल, तर अभ्यासक्रमाची पुस्तिका काढून हा भाग कुठल्या सत्रात आहे ते बघा, आणि सापडला नाही तर विभागप्रमुखांना कलमाचा नंबर सांगा.